स्वमग्न मुलाची वही रद्दीत घालू नका

माझा दवाखाना येरवड्यात आहे असे सांगितले की बाहेरगावचे पाहुणे आधी हसतात. 'याला येरवड्याला न्या' या वाक्याचा अर्थ सातारा-सोलापूरकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे शंभर वर्षांहून जुने मनोरुग्णालय आहे हे खरेच. त्याच्या आसपास नोकरीधंदा करून राहणारी हजारो साधी माणसेही आहेत, पण गावाचे नाव एकदा पडले ते पडले. चेष्टेचे मला काही वाटत नाही. वाईट याचे वाटते की, या शब्दाच्या धास्तीने पालक मुलाला डॉक्टरकडे नेण्याचेच टाळतात. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, इतर मुलांत खेळत नाही, एकच वस्तू तासन् तास फिरवत बसते. तरी 'मामाही उशिराच बोलला होता' असे म्हणून वर्षे घालवली जातात.

अशा मुलांपैकी काहींना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असतो. तो वेडाचा प्रकार नाही. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच सुरुवातीपासून थोडी निराळी असते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून हे निदान वैद्यकशास्त्रात रूढ झाले. मधली काही दशके आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असा समज होता. तो साफ चुकीचा ठरला, पण आपल्याकडच्या सासरघरांत अजून तो पुरता गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार शंभर-सव्वाशे माणसांमागे एकाला स्वमग्नता असते. तेव्हा आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत असे मूल असणारच.

आज या मुलांच्या एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे. ती म्हणजे त्यांची चित्रे, त्यांचे गाणे, त्यांनी मातीचे किंवा पुठ्ठ्याचे केलेले काहीबाही. पालक ताप-खोकल्यासाठी येतात आणि जाता जाता विचारतात, 'डॉक्टर, हा दिवसभर एकच चित्र काढतो, ते वेड कसं मोडायचं?'

माझ्या पाहण्यातला एक मुलगा फक्त बस काढतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चित्रकलेची वही संपली की एकरेघी वही, ती संपली की कॅलेंडरची मागची बाजू, आणि तेही संपले की भिंत. खिडक्यांची संख्या, पाटीवरचा मार्ग क्रमांक, मागच्या दाराची पायरी, सगळे तंतोतंत. माणूस मात्र एकही नाही. ड्रायव्हरसुद्धा नाही. आजोबांनी एकदा वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला, तर मुलगा दोन दिवस जेवला नाही आणि रात्री झोपला नाही. तोवर घरात कोणालाच कळले नव्हते की त्या वह्या त्याच्या दृष्टीने काय आहेत.

आपल्याकडचे कोणतेही सात-आठ वर्षांचे मूल चित्र काढायला बसवा. दोन डोंगर, त्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक कौलारू घर, बाजूला नारळाचे झाड. ज्याने आयुष्यात नारळाचे झाड पाहिलेले नाही तेही हेच काढते. याचे कारण असे की मूल डोळ्यांसमोरची वस्तू काढत नाही, मनात ठरून गेलेली खूण काढते. घर म्हणजे चौकोनावर त्रिकोण. स्वमग्न मुलांपैकी अनेकांचे मन आधी बारकावे टिपते आणि मग, जमले तर, सगळे मिळून चित्र काय झाले इकडे जाते. गर्दीत वावरताना हीच सवय त्रासाची होते. समोरच्याचा चेहरा, आवाज, हातवारे, ट्यूबलाइटची गुणगुण, सारे एकदम अंगावर येते. कागदावर मात्र तीच नजर कामाला येते. (आणि जाता जाता सांगतो, 'स्वमग्न' हा आपला शब्द मला तितकासा पटत नाही. ते मूल स्वतःत कुठे मग्न आहे? ते तर बसमध्ये मग्न आहे!)

तेच तेच चित्र म्हणजे यांत्रिकपणा, असेही समजू नका. चाळीस बस ओळीने मांडून पाहिल्या तेव्हा मला दिसले की एकीत वायपर डावीकडे होता, दुसरीत पावसाचे पाणी, तिसरीचा दिवा फुटलेला. मुलगा रोज काहीतरी नवे पाहत होता, फक्त ते बसमध्येच पाहत होता.

आता पालकांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. 'हे बंद केलं तर तो बोलायला लागेल का?' या प्रश्नामागे काळजी आहे, आणि त्याला एक इतिहासही आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे १९६७ साली जन्मलेली नादिया नावाची मुलगी होती. तिला बोलणे जवळजवळ येत नव्हते, पण साडेतीन वर्षांची असल्यापासून ती बॉलपेनने घोडे आणि घोडेस्वार असे काही काढी की मोठ्या चित्रकारांनी थक्क व्हावे. लॉर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे खास शाळेत नादिया थोडे बोलू लागली आणि तिचे ते चित्र काढणे हळूहळू ओसरले. यावरून काहींनी सरळ हिशेब मांडला की एक आले म्हणून दुसरे गेले, म्हणजे चित्रच बोलण्याच्या आड येत होते. पण ती आठेक वर्षांची असताना तिची आई वारली, हे त्या हिशेबात कोणी फारसे धरत नाही. एका मुलीवरून नियम बांधू नये.

कारण त्याच देशात स्टीफन विल्टशर आहे. जन्म १९७४, लंडन. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झाले. तोही बोलत नसे, फक्त काढत असे. आधी प्राणी, मग बस, मग इमारती. त्याच्या शाळेतील शिक्षकांनी एक युक्ती केली. कागद-पेन्सिली थोडा वेळ बाजूला ठेवल्या, म्हणजे त्याने त्या मागाव्यात. त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता 'पेपर', म्हणजे कागद. नवव्या वर्षाच्या सुमारास तो नीट बोलू लागला, आणि चित्र थांबले नाहीच. २००५ मध्ये टोकियो शहरावरून हेलिकॉप्टरने एक फेरी मारून आल्यावर त्याने नुसत्या आठवणीवर सुमारे दहा मीटर लांबीच्या कागदावर ते शहर काढले. तेव्हा बोलणे आणि चित्र एकत्र नांदू शकतात.

या कागद मागण्याच्या गोष्टीवरून कोणी असा अर्थ काढू नये की वही कपाटात बंद करून ठेवावी. शिक्षकांनी वस्तू हाताशी ठेवली होती आणि मागताक्षणी ती देण्यासाठीच ठेवली होती. आपल्याकडे 'आधी बोल, मग देतो' म्हणून रडवण्याची पद्धत आहे, ती शिकवणी नव्हे. त्यापेक्षा वही समोर ठेवा आणि पेन आपल्या हातात ठेवा. मुलाने हात पुढे केला, बोट दाखवले, 'पे' एवढे म्हटले तरी लगेच द्या. पुढे त्याच्या बसशेजारी तुम्ही एक थांबा काढा. त्याने तो खोडला तर खोडू द्या. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. माझ्या पाहण्यातल्या मुलाने चौथ्या खेपेला थांबा राहू दिला, आणि महिन्याभराने त्यावर गावाचे नाव लिहिले. माणूस अजून आलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूचे. वर्तमानपत्रांत आणि हिंदी चित्रपटांत स्वमग्न माणूस म्हणजे काहीतरी अचाट बुद्धीचा, असे दाखवायची प्रथा पडली आहे. बर्नार्ड रिमलँड यांनी १९७८ मध्ये ५,४०० मुलांच्या पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा सुमारे दहा टक्के मुलांत असे एखादे ठळक कौशल्य असल्याचे पालकांनी सांगितले. नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून जास्त आले, तरी बहुसंख्य मुलांत असे काही नसते. त्यांची चित्रे साधी, वेडीवाकडी असतात. ती त्यांना तेवढीच प्रिय असतात. मुलगा विल्टशर निघाला नाही म्हणून खिन्न झालेला बाप मी पाहिला आहे, आणि ते त्या मुलावर अन्यायाचे आहे.

तसेच चित्रकलेने वा संगीताने स्वमग्नता 'बरी' होते, असे सांगून फी घेणाऱ्यांपासून सावध राहा. संगीतोपचाराचा चांगला अभ्यास झाला आहे. २०२२ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. मुलाची एकूण स्थिती आणि जगण्याचा दर्जा थोडा सुधारण्याची शक्यता त्यात दिसली, पण लोकांत मिसळणे व बोलणे यांत स्पष्ट फरक दिसला नाही. नऊ देशांतील ३६४ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही मुख्य लक्षणांवर परिणाम आढळला नव्हता. म्हणून वाचा-उपचार, वागणुकीचे प्रशिक्षण, शाळेतली मदत हे सोडून केवळ पेटीच्या क्लासला घालू नका. पेटी त्याला आवडते म्हणून वाजवू द्या, एवढे कारण पुरे आहे. गणपतीत ढोल-ताशा आला की कानावर हात ठेवून पलंगाखाली जाणारी मुलगी घरी पेटीवर अचूक सूर शोधते, यात विसंगती काही नाही. कान तीक्ष्ण आहे म्हणूनच दोन्ही होते.

शाळेकडून मला थोडी अपेक्षा आहे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मान आहे. त्यात स्मरणचित्र नावाचा विषय असतो. पण तिथे स्मरण म्हणजे जत्रा, बाजार, पावसाळी दिवस असा प्रसंग माणसांच्या आकृत्यांसह रंगवणे. ज्या मुलाला अख्खी बस पाठ आहे तो या स्मरणात नापास होऊ शकतो. परीक्षा देऊ नये असे मी म्हणत नाही. नापास झाला म्हणून त्याला चित्र येत नाही, असे मात्र शिक्षकांनी वर्गात म्हणू नये. स्पर्धेच्या गोंगाटाच्या हॉलमध्ये त्याला बसवण्याचाही आग्रह नको.

आणखी एक. दिवाळीत विशेष मुलांच्या पणत्या, भेटकार्डे विकायला असतात. आपण कौतुकाने घेतो, घ्यावीतही. पण काही ठिकाणी मुलाचा हात धरून ताईनेच ते काम पुरे केलेले असते. हे मला रुचत नाही. अमेरिकेत हात धरून मुलांकडून टंकलेखन करून घेण्याची एक पद्धत निघाली होती. चाचण्यांत दिसले की शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे होते, आणि १९९४ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती पद्धत अमान्य केली. पणतीवरची नक्षी वाकडी असली तरी चालेल, ती त्याची असावी.

चित्रावर पोट भरेल का, हेही विचारतात. बहुधा नाही, जसे ते इतर चित्रकारांचेही भरत नाही. अमेरिकेतील जेसिका पार्क ही १९५८ साली जन्मलेली स्वमग्न चित्रकर्ती इमारतींची झगझगीत रंगांतली चित्रे काढून विकत असे आणि शिवाय एका कॉलेजच्या टपालखोलीत नोकरीही करत असे. तिच्या आईने, क्लारा पार्क यांनी, १९६७ मध्ये तिच्या बालपणावर पुस्तक लिहिले, ते जगभरच्या पालकांनी वाचले. टपाल वेगळे करण्याच्या कामालाही तीच बारकावे टिपणारी नजर लागते, हे लक्षात घ्या.

घरी करण्यासारखे थोडे. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख लिहा. निदान करणाऱ्या डॉक्टरांना त्या चित्रांतून पुष्कळ कळते. पाहुण्यांसमोर 'काढून दाखव' म्हणू नका. चिकट डिंक किंवा खडूचा आवाज सोसत नसेल तर साधन बदला. रंग, खडू, माती, भिंतीचे पोपडे तोंडात घालण्याची सवय असेल तर ती केवळ खोड म्हणून सोडू नका. रक्तातील लोह तपासा आणि शक्य असल्यास शिसेही. मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कानाची तपासणी. वर्षाचे होऊनही नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षाचे होऊन बोटाने दाखवत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर निदानासाठी केंद्रे आहेत. पुण्याला धावण्याआधी तिथे चौकशी करा.

कागदपत्रांचे एवढेच सांगतो. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत सवलती मिळतात. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले आणि त्याला स्वतःचे व्यवहार जमत नसतील, तर कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो. त्याची चित्रे विकली जात असतील तर पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात जमा करा, आणि चित्राखाली सही करता येत असेल तर त्यालाच करू द्या. सही म्हणून त्याने बसचा नंबर लिहिला तरी हरकत नाही.