शाळा कोणती बरी?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गाव एका जागी नसते. एक वाडी डोंगरावर, दुसरी पऱ्याच्या पलीकडे. म्हणून कित्येक गावांत जिल्हा परिषदेच्या दोन-दोन प्राथमिक शाळा आहेत. मग घरात बोलणे निघते, "पोराला कुठल्या शाळेत घालायचे?"

कोणी म्हणतो, "खालच्या वाडीची शाळा मोठी. भिंतींना नवा रंग दिलाय. तिथेच घाला." पण कणगी छान सारवली म्हणून आतले भात चांगले, असे आपण म्हणतो काय? मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो. शाळाही तशीच आत जाऊन बघावी. चला, दोन्ही शाळा बघू या.

पहिली गोष्ट वाचनाची. तिसरीतल्या मुलापुढे पुस्तकाचे नवे पान धरावे. पाठ झालेले नको. तो बरोबर वाचतो की चुकतो, हे आता आपल्याला कळते. कारण आपणही वाचायला शिकलो आहोत.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे त्यात सांगितले आहे. किती आहेत, ते मोजावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. प्यायला चांगले पाणी आहे काय? मुलींचा संडास वेगळा आहे काय?

चौथी गोष्ट बसण्याची. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे. ते आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. आज सगळी मुले एकत्र बसतात काय, एका पंगतीत जेवतात काय, हे डोळ्यांनी बघावे.

पाचवी गोष्ट वाटेची. पावसात पऱ्या भरला, तर लहान पोर शाळेत कसे जाणार?

समजा, एवढे बघून वरच्या वाडीची शाळा उणी ठरली. मग पोर काढून न्यावे काय? आम्ही म्हणतो, घाई करू नये. चार घरांनी पोरे काढली की पट घटतो. पट फार घटला की शाळा बंद व्हायची पाळी येते. मग ज्याच्या घरी पोराला सोडायला माणूस नाही, त्याचे पोर घरीच बसते.

आधी उणे भरून काढावे. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांत तीन माणसे पालकच असतात. निम्म्या बायका असाव्या लागतात. तिथे जावे, शिक्षक मागावा, पाणी मागावे. पूर्वी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. आता ठराव वाचावा, आणि मगच सही करावी.

सांगा पाहू :
१. आपल्या शाळेत मुले किती? शिक्षक किती?
२. समितीची सभा शेवटची कधी झाली? आपल्या घरचे कोण गेले होते?