धुक्यातील धावपट्टी

समुद्रावरून विमान नेणे हे एके काळी मोठे धाडसाचे काम समजले जाई. त्या काळात, १९२७ साली, अमेरिकेत पॅन अमेरिकन ही विमान कंपनी स्थापन झाली. तिची सूत्रे हाती घेणारे हुआन ट्रिप हे तेव्हा तिशीच्याही आतले होते. फ्लॉरिडातील की वेस्ट ते क्यूबातील हॅवाना एवढाच तिचा पहिला मार्ग. परंतु १९३५ साली तिचे 'चायना क्लिपर' हे पाण्यावर उतरणारे विमान सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून टपाल घेऊन निघाले आणि बेटाबेटांवर विसावा घेत मनिलास पोहोचले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या कंपनीकडे वेधले गेले. क्लिपर म्हणजे शिडाचे वेगवान जहाज. हाच शब्द कंपनी आपल्या विमानांच्या नावांत योजीत असे.

या कीर्तीचे मोलही तिला द्यावे लागले. चायना क्लिपर मनिलास नेणारे कप्तान एडविन म्यूझिक १९३८ साली सामोआजवळ विमानाचा स्फोट होऊन मृत्यू पावले. त्याच वर्षी 'हवाई क्लिपर' हे विमान ग्वाम व मनिला यांच्या दरम्यान १५ माणसांसह नाहीसे झाले. त्याचा मागमूस लागला नाही.

पुढे २२ जानेवारी १९७० रोजी कंपनीच्या 'क्लिपर व्हिक्टर' या विमानाने जंबो जेटची पहिली प्रवासी फेरी न्यूयॉर्कहून लंडनपर्यंत केली. याच विमानाच्या कपाळी पुढे मोठा अनर्थ लिहिलेला होता.

२७ मार्च १९७७ चा तो दिवस. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांपैकी एका बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे तिकडे जाणारी विमाने तेनेरीफ बेटावरील लहानशा विमानतळाकडे वळविण्यात आली. तेथे धावपट्टी एकच, आणि विमानांची दाटी झालेली. त्यामुळे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत जावे लागे. इतक्यात दाट धुके उतरले. धावपट्टीच्या एका टोकाशी हॉलंडच्या के.एल.एम. कंपनीचे जंबो उड्डाणाच्या तयारीत उभे होते; त्याच पट्टीवरून क्लिपर व्हिक्टर हळूहळू पुढे येत होते. दोघांना एकमेकांचे दर्शन नव्हते, आणि नियंत्रकाला दोघांपैकी कोणीच दिसत नव्हते. सारा भरवसा बिनतारी बोलण्यावर!

नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या वाक्यात 'टेक-ऑफ' हा शब्द आला. कप्तानाने तीच उड्डाणाची परवानगी समजून वेग घेतला. सहवैमानिकाने, आपण आता टेक-ऑफवर आहोत, असे कळविले. त्याला म्हणायचे होते, 'निघालो'. नियंत्रक समजला, 'जागेवर सज्ज आहोत'. थांबा, मी कळवितो, असे नियंत्रकाने सांगितले. पण त्याच क्षणी, आम्ही अजून पट्टीवर आहोत, असे क्लिपरनेही कळविले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून डच वैमानिकांच्या कानी कर्कश आवाज तेवढा पडला. भाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा भाग वाचताना धडकी भरते.

डच विमानातील यंत्रज्ञाला शंका आली. ते दुसरे विमान अजून पट्टीवर तर नाही ना, असे त्याने विचारले. कप्तान ज्येष्ठ व नावाजलेले. त्यांनी ठामपणे शंका झिडकारली. काही क्षणांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली. डच विमानातील सर्व २४८ व क्लिपरमधील ३३५ माणसे मृत्यू पावली. क्लिपरमधील ६१ जण वाचले.

त्यानंतर नियम झाला की, 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा. एरवी 'डिपार्चर' म्हणावे. कनिष्ठ सहकाऱ्यांनी निर्भयपणे शंका विचाराव्यात, असेही शिक्षण वैमानिकांना मिळू लागले.

पॅन अमेरिकनवरील संकटे मात्र सरली नाहीत. १९८६ साली मुंबईहून निघालेले तिचे विमान कराचीत अपहृत झाले. तेथे प्रवाशांना वाचविताना नीरजा भनोत हिने प्राण वेचले. १९८८ साली स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर आणखी एक क्लिपर बॉम्बने फुटून कोसळले आणि २७० जणांचा बळी गेला. कंपनी आधीच कर्जात बुडाली होती. ४ डिसेंबर १९९१ रोजी तिचे अखेरचे प्रवासी विमान बार्बाडोसहून मायामीस येऊन उतरले.