मालगुडीचा पत्ता

प्रश्न : ‘मालगुडी डेज’ मालिकेचे चित्रीकरण कुठे झाले? ती ठिकाणे आज ओळखता येतात का?

उत्तर : आर. के. नारायण यांचे मालगुडी नकाशावर नाही. दिग्दर्शक शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी ते 1980 च्या दशकात मुख्यतः कर्नाटकातील आगुंबे (शिवमोग्गा जिल्हा) या घाटमाथ्यावरच्या गावात उभारले. शोध ‘दोड्डा मने’ या जुन्या वाड्यापासून सुरू करणे उत्तम. ‘दोड्डा मने’ म्हणजे थोरले घर. मालिकेतल्या स्वामी या मुलाचे घर ते हेच. मधला उघडा चौक आणि भोवतीचे लाकडी खांब पडद्यावरच्या दृश्यांशी सहज जुळतात. रस्त्यावरच्या खुणा मात्र फसव्या. मालिकेतला चौकातला पुतळा खास चित्रीकरणासाठी घडवलेला होता, त्यामुळे तो शोधत फिरण्यात अर्थ नाही. कौलारू छपरांची ठेवण आणि रस्त्याचे वळण यांवरच भिस्त ठेवावी.

मालगुडी स्टेशन म्हणजे तळगुप्पा मार्गावरचे अरसाळू. तिथल्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय आहे. रूळ मात्र जुळणार नाहीत, कारण तेव्हाचा मीटरगेज मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला.

आगुंब्यात पाऊस प्रचंड असतो. ताडून पाहण्याचे काम हिवाळ्यातच जमते.