फॅन फिरतोय, तरी गाडी तापते

गाडी तापली की माणसं बॉनेट उघडतात, वाकून बघतात आणि निकाल देतात, "फॅन तर फिरायलाय की काका!" परळीपासून बीडपर्यंत माझ्या गाडीला ज्यांनी हात लावला, त्या बहुतेकांनी हेच सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, फॅन फिरत होता. पण तो जेवढा फिरायला हवा तेवढा फिरत नव्हता, आणि हे नुसतं बघून कळत नाही. जुन्या गाडीच्या कूलिंगवर लोकांचे जे हजारो रुपये जातात, त्यातले बरेचसे या एका फरकापायी जातात असं माझं मत झालं आहे.

आधी गाडीबद्दल. सॅन मोटर्सने गोव्यात बांधलेली 'स्टॉर्म' ही दोन माणसांची बुटकी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० अश्वशक्ती आणि अंग फायबरग्लासचं. स्पोर्ट्स कार म्हणून कोणी नाकं मुरडतील, मुरडोत बापडे. आपल्याकडे जिला स्पोर्ट्स कार म्हणता येईल अशी इथेच बांधलेली गाडी शोधायला गेलं तर फार पर्याय सापडत नाहीत. नोकरीतून मोकळा झाल्यावर ही मी हौसेने घेतली, तीही समुद्राकाठच्या मालकाकडून. हे 'समुद्राकाठचं' आणि ते 'फायबरग्लास', दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी नोकरी परळीच्या थर्मल वीज केंद्रात, इन्स्ट्रुमेंटेशनला. मीटर, सेन्सर, रिले यांच्यातच जन्म गेला. तिथे उष्णता बाहेर काढणं हे उष्णता तयार करण्याइतकंच मोठं काम असतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, तेव्हा कोळसा असूनही काही उपयोग नव्हता. त्यामुळे काटा वर चढला की माझं बाकी सगळीकडचं लक्ष उडतं.

तो चढला धारूर घाटात. मार्च महिना, साखर कारखान्यांचे हंगाम आटोपत आलेले. तेलगावकडून धारूरला चढताना पुढे रिकाम्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि समोरून उसाने भरलेल्या गाड्यांची रांग उतरत होती. त्या अरुंद वळणांवर ओव्हरटेक करायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या गिअरमध्ये रांगत दोन-तीन वळणं झाली आणि निम्म्यावर असलेला काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. वर पोचून रस्ता मोकळा मिळाला, गाडी तिसऱ्या-चौथ्यात पळू लागली, तसा काटा आपोआप खाली आला.

खरं निदान इथेच निम्मं झालं होतं. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, फॅनची फारशी गरज लागत नाही. गाडी रांगते किंवा उभी असते तेव्हा सगळा भार फॅनवर. म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी प्रत्येक मालकाने स्वतःला एवढंच विचारावं, की गाडी कधी तापते? धुळे-सोलापूर महामार्गावर ८० च्या वेगाने गेवराईपर्यंत नेली आणि काटा हलला नाही, पण बीडच्या बसस्टँडसमोरच्या गर्दीत चढला, तर दोष वाऱ्याच्या बाजूला आहे, म्हणजे फॅन, त्याची वायरिंग, किंवा रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ आणि उसाचं पाचट. उलट वेगात तापते आणि हळू चालवली की निवते, तर दोष पाण्याच्या बाजूला, म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप, कमी झालेलं कूलंट. दोन्ही वेळा तापत असेल तर मात्र हेड गॅस्केटची तपासणी आधी करून घ्यावी. ऑइलच्या कांडीवर दुधाळ चहासारखं काही दिसलं तर गाडी तिथेच थांबवायची.

हे मी पहिल्याच गॅरेजमध्ये सांगितलं. ऐकून घेतलं गेलं, आणि मग नेहमीचंच झालं. रेडिएटरचं झाकण बदललं. थर्मोस्टॅट, ज्याला आपले मिस्त्री 'वॉल' म्हणतात, तो "आपल्याकडच्या उन्हात लागतच नाही" म्हणून काढून ठेवला. पुढच्या ठिकाणी इलेक्ट्रिशियनने जालीम उपाय सुचवला, "फॅन डायरेक्ट करून टाकू." मराठवाड्यात फॅन डायरेक्ट केलेल्या जुन्या गाड्या मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. बॅटरीच्या प्लसवरून एक बारीक वायर ओढायची, डॅशबोर्डखाली घरातल्या दिव्याचं बटण बसवायचं आणि फॅन चालकाच्या मर्जीवर सोडायचा. फॅनची मोटर दहा-पंधरा अँपिअर सहज ओढते, ते बटण तेवढ्यासाठी बनवलेलंच नसतं. शिवाय अशा वायरीत फ्यूज क्वचितच असतो. ती कुठे पत्र्याच्या कडेला घासली तर बॅटरीतली सगळी ताकद तिथेच उतरते आणि वायर पेट घेते. फायबरच्या अंगाची गाडी जळायला लागली तर विझवायला काही उरत नाही.

तरी एकदा तात्पुरतं डायरेक्ट करून पाहू दिलं. फरक शून्य. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मला उलट बरं वाटलं. प्लसची बाजू पूर्ण नवी करूनही फॅन मंदच राहतो, याचा अर्थ दोष परतीच्या वाटेवर आहे, नाहीतर मोटरमध्येच. आपल्याकडे सगळे लाल वायरीकडे बघतात. काळी वायर कुठे जाते हे कोणी विचारत नाही.

दुसरा धागा संध्याकाळी परतताना मिळाला. दिवे लावले त्याच क्षणी तापमानाचा काटा टुणकन एक घर वर गेला. बंद केले, खाली आला. चार-पाच लिटर पाणी एका सेकंदात गरम होत नाही आणि निवतही नाही. असा उडी मारणारा काटा दिसला की समजावं, ही उष्णता नसून वीज बोलते आहे. कुठेतरी दिवे, मीटर आणि बहुधा फॅनही एकाच खराब अर्थवर लटकलेले आहेत.

पत्र्याच्या गाडीत अख्खं अंगच परतीची वायर असतं, कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळाला. फायबरग्लासमधून वीज जात नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, फॅनची काळी वायर गोळा करून लोखंडी सांगाड्यावरच्या ठरावीक बोल्टपर्यंत न्यावी लागते. तो एक बोल्ट बिघडला की त्याच्यावरचं सगळं थोडं थोडं आजारी पडतं, पूर्ण बंद काहीच पडत नाही. दोष सापडायला वेळ लागतो तो याच कारणाने.

मग घरी, सावलीत, शांतपणे मोजलं. पद्धत सांगतो, कारण इथेच फसगत होते. फॅनचा प्लग काढून मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, सप्लाय बरोबर आहे. करंटच वाहत नसेल तर वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते फॅन चालू असताना, भारावर. इंजिन सुरू, फॅन सुरू, प्लग जागेवर. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि लाल टोक फॅनच्या काळ्या वायरीवर, मागून सुई घालून. अर्थ चांगला असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. माझ्याकडे ३.६ आला. बॅटरीवर १३.८ होते, प्लसच्या वाटेत ०.६ जात होते, म्हणजे मोटरच्या वाट्याला उरले ९.६. त्यावर फॅन फिरतो, बघणाऱ्याला समाधान देण्याइतका फिरतो, पण रेडिएटरमधून ओढला जाणारा वारा बराच कमी पडतो.

हे ३.६ व्होल्ट हवेत विरत नाहीत, जिथे अडतात तिथे उष्णता होऊन बाहेर पडतात. दहा अँपिअर धरले तर ३६ वॅट, एखाद्या सोल्डरिंग आयर्नइतके. म्हणून काळ्या वायरीवरून बोट फिरवत गेलो आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या मागे, हात झटकन मागे घेतला. तिथेच तो बोल्ट होता. वरून टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर खाली पाच-सहा वायरींची टोकं एकावर एक, सगळ्यात वर कोणीतरी नंतर बसवलेल्या फॉगलाइटची. तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी आलेली, फॅनच्या वायरीचं आवरण दोन इंच काळं पडून कडक झालेलं, आणि बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर असा की लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने सुरुवात केली असणार, पुढचं काम वरून चढवलेल्या फॉगलाइटने केलं. गाडी बांधणाऱ्यांना यात बोल लावायचं कारण नाही, इतक्या वर्षांत कुठलाही सांधा एवढा खराब होतो.

दुरुस्तीला खर्च फारसा आला नाही. बॅटरीचं मायनस आधी काढलं, हे नेहमीच आधी, कारण पाण्याच्या तापमानावर चालणाऱ्या थर्मो स्विचवरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊन बोटं घेऊ शकतो. बोल्टची जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. काळवंडलेली वायर निरोगी तांबं लागेपर्यंत कापली, नवे लग दाबून बसवले, खाली दातेरी वॉशर, आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. फॅनला मात्र त्या गर्दीतून बाहेर काढून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला दिली. प्लसच्या बाजूला बॅटरीजवळ फ्यूज, मग रिले. रिलेवर आकडे छापलेले असतात, ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून फॅनला, ८५-८६ ही कॉइल, तिच्यावर थर्मो स्विच. जाड करंट रिले वाहतो, स्विचला फक्त कॉइल उचलायची असते, त्यामुळे स्विचही टिकतो. थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढल्याने हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि घाटातला त्रास तसाच राहतो.

तुमच्या गाडीत फॅन अजिबातच लागत नसेल तर थर्मो स्विचचा प्लग काढून त्याची दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडून बघा. फॅन सुरू झाला तर मोटर आणि वायरिंग बरी, स्विच खराब, किंवा पाण्यात हवा अडकून स्विचपर्यंत गरम पाणीच पोचत नाही. नाही झाला तर फ्यूज, रिले, मग मोटरला थेट बॅटरी. मोटरवर पूर्ण व्होल्टेज असूनही ती आळसावलेली फिरत असेल तर कार्बन ब्रश संपलेत. हे कार्बोरेटरच्या काळातल्या साध्या गाड्यांचं. एमपीएफआय गाड्यांत बहुतेक वेळा कॉम्प्युटरच रिले चालवतो, तिथे वायरी जोडाजोडीचे प्रयोग करण्याआधी त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळवा. आणि वायरिंगला हात लागल्यावर एक वहीचा कागद जाळीसमोर धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर लाल-काळी उलटी लागली आहे आणि फॅन समोरच्या वाऱ्याशीच भांडतो आहे. हे नव्या फॅनच्याही बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय बीड जिल्ह्यात हा विषय संपत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रस्त्यात नाइलाजाने काहीही घातलं तरी घरी आल्यावर काढून टाकायचं. झाकणावर १.१ किंवा ०.९ असा आकडा असतो तो बारमधला दाब. त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज दाबून बघा, मऊ लागला तरच फडकं ठेवून उघडा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतणारे मदतनीस घाटात हमखास भेटतात, त्यांना हात जोडून लांब ठेवा. अॅल्युमिनियमचं हेड असं बाकतं.

घाटातच काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. मार्चमध्ये हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. काच खाली करून घाम गाळा आणि रुंद जागा दिसताच बाजूला घ्या.

माझा काटा आता ट्रॅक्टरमागेही निम्म्याच्या किंचित वर जाऊन थांबतो, फॅन लागल्याचा आवाज आत ऐकू येतो. पावसाळा संपल्यावर तो बोल्ट उघडून बघतो आणि भारावरचा आकडा पुन्हा मोजतो. रिलेचा नकाशा, वायरींचे रंग, फ्यूजचे आकडे आणि त्या त्या वर्षीची मोजणी एका कागदावर लिहून लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवली आहे. गाडी कधी विकलीच तर तो कागद आरसीबुकाइतकाच जपून द्यायचा, असं पुतण्याला सांगून ठेवलंय.