गाडी काळी आहे म्हणून दिसतं

"तुमची गाडी काळी आहे म्हणून दिसतं, भाऊ. पांढरी घेतली असती तर समजलंही नसतं."

आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींचं हे वाक्य मी त्याच दिवशी तारीख घालून डायरीत उतरवून ठेवलं. बोनेटवर, टपावर, चारही दारांवर बारीक गोल ओरखडे, आणि दोष कोणाचा, तर रंगाचा. म्हणजे माझाच, कारण रंग मी पसंत केला! हे ऐकूनही मी आवाज चढवला नाही, याला तिथे उभे असलेले चार जण साक्षी आहेत.

वाड्यात राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. बाभुळगावला आमच्या घरी अंगण आहे, विहीर आहे, कडुनिंबाची सावली आहे. गाडी उभी करा, मोटर लावा, धुवा; कोणाला विचारायचं काम नाही. पण पोरांच्या शिकवण्यांसाठी तालुक्यातली कितीतरी घरं यवतमाळात फ्लॅट घेऊन राहतात, तसे आम्हीही राहतो. नोकरी आणि वावर बाभुळगावला, बिऱ्हाड यवतमाळला. गाडी रोज रस्त्यावर, आणि पावसाळ्यात वावराकडे गेलो तर पांदणीतसुद्धा.

आता पाण्याचं. कमिटीनं पार्किंगमधला नळ बंद केला, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. मिनिटबुकात पाहून घ्या. २०१८चा उन्हाळा यवतमाळकराला नव्यानं सांगायला नको. निळोणा आणि चापडोह दोन्ही तळाला गेले होते, नळ कित्येक दिवसांआड यायचा आणि टँकर दिसला की चांगले अधिकारी लोक गुंड्या घेऊन धावायचे. त्यात मीही होतो. पुढे बेंबळ्याचं पाणी 'अमृत' योजनेतून शहरात आणायचं ठरलं. हा बेंबळा प्रकल्प आमच्या बाभुळगाव तालुक्यातला. आमच्या तालुक्याच्या पाण्याची वाट पाहणारे लोक मलाच पाणी कसं वाचवायचं ते शिकवत होते, पण ते जाऊ द्या. पाइप सोडून गाडी धुतली तर दीडदोनशे लिटर पाणी सहज जातं. टाक्यातलं पाणी सगळ्यांचं, त्यामुळे पाइप बंद हे बरोबरच. बेंगळुरूत मार्च २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावायचं ठरलं, तेही बरोबर.

चुकलं ते त्यानंतर. नळ बंद करून कमिटीनं साऱ्या गाड्या पुसण्याचं काम एका ठेकेदाराला दिलं आणि दरमहा चारशे रुपये मेंटेनन्समध्ये जोडले. नको म्हणायची सोय नाही. ठेकेदार सेक्रेटरींचा कोण लागतो, ते बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

काही महिने मला काही कळलं नाही, कारण पार्किंगमध्ये उजेडच नाही. सकाळी गाडी ओलसर आणि स्वच्छ दिसायची. मग एका संध्याकाळी बाभुळगावहून परतताना धामणगाव रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबलो. ऊन तिरपं, थेट बोनेटवर. पंपावरचं पोरगं नळी लावता लावता म्हणालं, "काकाजी, गाडी काथ्यानं घासता का?" मी उतरून पाहिलं. सूर्याचा ठिपका जिथे पडला होता त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळंच वर्तुळं. जिकडे सरकावं तिकडे ठिपका सरकायचा आणि त्याच्याबरोबर जाळंही. गाडीचे हप्ते अजून चालू होते.

कोणावर आळ घेण्याआधी डोळ्यांनी पाहावं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यात येऊन बसलो. गाड्या पुसणारा मुलगा आला. एक बादली भरली, दोन फडकी घेतली आणि पहिली गाडी धरली ती सेक्रेटरींची. पाणी नितळ, फडकं पिळलेलं. मग दुसरी, तिसरी, रांगेनं. पाणी बदलणं नाही, कारण दिवसाला दोनच बादल्या असा कमिटीचाच हुकूम. माझी गाडी शेवटच्या खांबाशी. माझ्यापर्यंत येईस्तोवर बादलीत पाणी नव्हतं, गारा होता. शेजारच्या मोटारसायकलचं मडगार्ड ज्या फडक्यानं पुसलं, तेच त्यानं माझ्या बोनेटवर ठेवलं आणि गोल गोल फिरवायला सुरुवात केली. माझ्या गाडीवर आदल्या दिवसाची पांदणीतली माती वाळलेली. तिचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. अजून येतो.

त्या पोराला मी एका शब्दानं बोललो नाही. अठरा गाड्या, दोन बादल्या, अंधार. त्यानं तरी काय करावं? सेक्रेटरींकडे गेलो तर आधी ते रंगाचं वाक्य. मग म्हणाले, "पोराला काढून टाकू का? द्या त्याच्या पोटावर पाय." म्हणजे मागणी मी स्वच्छ पाण्याची केली आणि पाप माझ्या माथी गरिबाची रोजी मारल्याचं! शेवटी कमिटीच्या बैठकीत निघालं ते असं, की "तुम्ही खेड्यातला चिखल भरून आणता, तर गाडी खराब होणारच." बाभुळगाव तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपंचायत आहे, पण त्याहून मोठा मुद्दा असा की चिखल धुवायचा असतो, पुसायचा नसतो. एवढी साधी गोष्ट सात जणांच्या कमिटीत एकालाही माहीत नव्हती.

ती नीट सांगतो, कारण आपल्या भागात गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. काळी माती ओली असली की चिकटते आणि वाळली की कडक होते. तिच्यात चुनखडीचे, मुरमाचे बारीक खडे असतात. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी चाकूच्या पोलादापेक्षा कठीण. असा थर कोरड्या किंवा नुसत्या दमट फडक्यानं ओढला तर खडे रंगावरूनच फिरणार. नागपूरला एका कारागिरानं माझ्या गाडीला मीटर लावून दाखवलं. गाडीचा सगळा रंग, म्हणजे प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यात क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहून पातळ थरात असते. पॉलिशवाला ओरखडे बुजवतो असं लोकांना वाटतं. तो बुजवत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतो. त्यामुळे दर दिवाळीला रबिंग करून घेणारे लोक पैसे देऊन रंग पातळ करून घेतात. पॉलिशला माझे साडेचार हजार गेले आणि थर गेला तो वेगळाच.

आता मी स्वतः धुतो. पाणी लागतं दीड-दोन बादल्या, तेही घरातल्या नळाचं, लिफ्टनं खाली नेतो. लोक बघतात, बघू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं काम हात लावण्याआधीचं आहे. माती भिजवायची आणि स्पर्श न करता जितकी जाईल तितकी घालवायची. त्यासाठी पाइप लागत नाही. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात हातानं हवा भरायचा पाच लिटरचा फवारणीचा पंप मिळतो, तो पुरतो. थोडा गाडीचा शाम्पू घालून खालपासून वर फवारायचा, पाचसात मिनिटं थांबायचं, मग साध्या पाण्याची फवारणी वरून खाली. दाराच्या खालची पट्टी आणि चाकांच्या मागचा भाग दोनदा. इथे एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो: पंप नवा कोरा घ्या. घरातला, वावरात वापरलेला, "स्वच्छ धुतला आहे" असा पंप पार्किंगमध्ये आणू नका. २०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पार्किंगमध्ये लहान पोरं खेळतात, आणि असल्या पंपाच्या नळीत काय उरलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. साध्या बादलीच्या तळाशी जो काळा गाळ बसतो तो पाहिला की कमिटीनं माझ्या गाडीवर काय फिरवलं ते कळतं. सुरुवात टपापासून, शेवट खालच्या पट्टीवर. हात सरळ रेषेत, गोल नाही. चाकांना वेगळं फडकं, आणि ते फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही, कितीही धुतलं तरी. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नको; त्यानं मेण निघून जातं. जुनं बनियन किंवा सुती लुगड्याचा तुकडा मऊ असतो हे आम्हा कापूसवाल्यांना कोणी सांगायला नको, पण त्याच्या शिवणीत आणि काठात खडा अडकतो आणि तो निघत नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी संपलं, ते घरी न्यायचं.

नंतर पाणी ओतून धुवावं न लागणारे रिन्सलेस शाम्पू मिळतात, एका बादलीत थोडंसं. नुसती धूळ असेल तर फार चांगले. पांदणीतून आलेल्या गाडीला नाही; आधी फवारणी झालीच पाहिजे. आणि पक्ष्यांची विष्ठा दिसली की गाडी धुवायच्या दिवसाची वाट पाहू नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून अलगद उचला. उन्हात ती रंगात उतरते.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार बरेच. गाडी ओली सोडली की वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, काळ्या गाडीवर तर विचारू नका. (हो, काळी आहे म्हणून दिसतात. पांढऱ्या गाडीवरही असतातच.) म्हणून धुणं सावलीत, बोनेट गार असताना, आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. ठिपके पडलेच तर पांढरं व्हिनेगर बरोबरीच्या पाण्यात मिसळून फडक्यानं लावा आणि लगेच धुऊन टाका. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असा सल्ला जो तो देतो, आमच्या कमिटीनंही ठरावात लिहिला. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. गाळून काढलेले सगळे तिकडेच जातात. ते चाकांना, मॅटला, पार्किंगची फरशी धुवायला वापरा. गाडीवरचं शेवटचं पाणी ते नको.

प्रेशर वॉशर घेणाऱ्यांसाठी: पार्किंगमधल्या बोर्डाला अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घेतल्याशिवाय मशीन लावू नका. ओल्या फरशीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे जिवाशी खेळ. बोनेट उघडून इंजिनवर झोत मारू नका. आमच्या ठेकेदाराकडे असं मशीन आहे आणि त्याच्या वायरीला तीन ठिकाणी टेप आहे. हेही मी लेखी कळवलं आहे.

साबणाचं पाणी फरशीवर सोडायचं नाही, वायपरनं जाळीकडे ओढायचं. टाइल्सवर म्हातारी माणसं घसरतात आणि मग तक्रार खरी असते. धुतल्यावर गाडी एक चक्कर फिरवून ब्रेक दोनचारदा हळू दाबून पाहा, ते ओले असतात. बाकी स्वच्छता राखावी, शेजाऱ्यांना त्रास देऊ नये वगैरे सगळे सांगतातच.

राहिली कमिटी. पॉलिशचं बिल, उन्हात काढलेले फोटो आणि पत्र मी दिलं आहे. उत्तर आलं, ते तोंडी. माझं म्हणणं एवढंच आहे: पाणी कमी द्या, पण प्रत्येक गाडीला निराळं द्या, आणि ज्याला स्वतः धुवायची आहे त्याच्याकडून चारशे रुपये घेऊ नका. सेक्रेटरींची गाडी रांगेत शेवटी लावा अशीही मागणी होती, ती "वैयक्तिक" म्हणून नाकारली. सोसायटीची वार्षिक आमसभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्या बिल्डिंगीत असाच ठेका असेल तर एकदा पहाटे उठून बादलीतलं पाणी पाहा, फोटो काढा, विषय सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं मिनिटबुकात येत नाही.