घोड्याच्या ठाणातील अंथरूण : निवड व निगा

जालना जिल्ह्याच्या भूमीला घोड्यांच्या टापांची ओळख जुनी आहे. याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत उभय पक्ष मिळून हजारो घोडेस्वार रणात उतरले होते. ते दिवस मागे पडले. २०१२ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. तथापि वरातीची घोडी, मेंढपाळाचे ओझे वाहणारे तट्टू किंवा हौसेने पाळलेले जनावर या रूपाने घोडा ग्रामीण जीवनात अद्याप टिकून आहे. त्याच्या दाणावैरणीची चिंता मालक करतो, खराराही नेमाने होतो; परंतु ज्या जागेवर ते जनावर दिवसाचे बहुतेक तास उभे असते, त्या जागेचा विचार मात्र क्वचितच होतो.

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या कोरडवाहू प्रदेशातील गावी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. येथे पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. अशा ठिकाणी घोड्याच्या पायाखाली काय अंथरावे हे ठरविताना गोठ्यातील बैलाच्या तोंडचा घास तर काढून घेतला जात नाही ना, हेही पाहावे लागते.

अंथरूण कशासाठी?

घोडा उभ्याने डुलकी घेतो, हे खरे. पायांतील सांधे अडकवून ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिली आहे. परंतु गाढ झोपेचा एक टप्पा असा आहे की, त्यासाठी त्याला अंग टाकावेच लागते. जागा कठीण, ओली वा अपुरी असेल तर घोडा बसत नाही, आणि पुरेशी झोप न मिळालेले जनावर कामास मंदावते. कठीण जमिनीवर बसण्याउठण्यात कोपर व गुडघे सोलवटतात, तेही टळावे हा अंथरुणाचा हेतू होय.

दुसरा हेतू कोरडेपणाचा आहे. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला साधारणतः १५ ते २० किलो लीद आणि ५ ते १० लिटर मूत्र टाकतो. मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो. या वायूने डोळे चुरचुरतात व श्वासनलिकेचा दाह होतो. ओल्यात सतत उभे राहिल्याने खुराच्या तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग कुजू लागतो. त्यातून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येतो व जनावर लंगडते. खुराने अधू झालेल्या घोड्याचा मालकाला काय उपयोग, हे सांगावयास नको.

पदार्थांची पारख

चांगल्या अंथरुणाच्या चार कसोट्या सांगता येतील : ते ओल शोषणारे असावे, धूळ व बुरशीविरहित असावे, घोड्याने ते खाऊ नये आणि शेवटी त्याचे उत्तम खत व्हावे. कोरडवाहू मुलखात त्यांना पाचवी कसोटी जोडावी लागते. ती म्हणजे तो पदार्थ चारा नसावा.

ज्वारीचा कडबा या पाचव्या कसोटीवर प्रथमच बाद होतो. एक साधा हिशेब पाहू. ठाणात रोज ५ किलो नवे अंथरूण घालावे लागले, तर वर्षाला १,८२५ किलो होते. एका बैलाला दिवसाला ७ किलो कोरडा चारा धरला, तर तेवढ्यात त्याचे २६० दिवस निघतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि २०१२-१३ च्या टंचाईत ज्यांनी जनावरे छावणीवर नेली, त्यांना या हिशेबाचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही.

गव्हाची काडी ही जगभर घोड्यांच्या पागेत वापरली जाते. ती आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरते, उबदार असते व लवकर कुजते. तथापि भुकेला घोडा ती खातो, आणि कोरडी काडी फार खाल्ल्यास आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठतो. विणाऱ्या घोडीसाठी मात्र लांब काडीच इष्ट. बारीक भुसा ओल्या शिंगराच्या नाकातोंडास चिकटतो.

सोयाबीनचे कुटार या भागात मळणीनंतर सहज मिळते. त्याच्या जाड काड्या अंथरुणास चालतात. परंतु मळणीयंत्रातून आलेल्या कुटारात धूळ पुष्कळ असते. परतीच्या पावसात भिजलेल्या कुटारास बुरशी धरते व असे कुटार घोड्याच्या फुप्फुसास घातक ठरते. म्हणून ते उन्हात वाळवून, चाळून, त्यातील बारीक माती काढून मगच वापरावे. आवळून बांधलेल्या ढिगाच्या आतील भाग काळपट दिसला किंवा कुबट वास आला, तर तो ढीग ठाणात आणू नये.

लाकडाचा भुसा आपल्या वजनाच्या सुमारे अडीचपट ओल शोषतो आणि घोडा तो सहसा खात नाही. वखारीतील पिठासारख्या भुशापेक्षा सुताराच्या रंध्यातून निघणारे पातळ छिलके अधिक चांगले, कारण त्यांत धूळ कमी. मात्र रंग, पॉलिश वा वाळवीनाशक औषध लावलेल्या लाकडाचा भुसा वर्ज्य समजावा. खिळा, तार, चूक यांसाठी तो हाताने तपासून घ्यावा. घोड्याच्या खुरात खिळा घुसणे म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण होय. या रोगाला घोडा इतर जनावरांपेक्षा अधिक लवकर बळी पडतो. त्यासाठी प्रतिबंधक लस नियमितपणे टोचून घ्यावी.

साळीचे तूस भंडारा-गोंदियाकडे वा कोकणात विपुल असले, तरी येथवर आणण्याचा खर्च परवडत नाही. शिवाय ते ओल कमी शोषते. वाळू पायाला थंड व मऊ लागते, परंतु आपल्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा पाणी धरते. वाळूवर टाकलेला चारा खाताना ती पोटात जाऊन आतड्यात साचते. पऱ्हाटी व तुराट्या टोकदार असल्यामुळे त्या ठाणात येताच कामा नयेत.

सारांश, टेंभुर्णी परिसरातील पशुपालकास रंध्याचे छिलके मिळत असतील तर ते पहिल्या पसंतीचे, आणि ते नसतील तेव्हा जनावरे ज्याला तोंड लावीत नाहीत असे जाडेभरडे, वाळविलेले कुटार दुसऱ्या पसंतीचे मानावयास हरकत नाही.

आधी जमीन, मग अंथरूण

उत्तम अंथरूणही वाईट जमिनीवर वाया जाते. काळी माती ओलीने फुगते व तिचा चिखल होतो. म्हणून ती काही अंतरापर्यंत काढून, दगड भरून, त्यावर मुरूम ठोकून घ्यावा. मागच्या बाजूस दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार ठेवून मूत्र वाहून जाण्यास नाली करावी. मध्यम घोड्यास १२ फूट लांब व तितकेच रुंद ठाण पुरते. अंथरुणाचा थर चार ते सहा इंच असावा व भिंतीलगत तो थोडा उंच करावा.

रोज सकाळ-सायंकाळ लीद व ओला भाग काढावा. आठवड्यातून एकदा सर्व अंथरूण बाजूस सारून जमिनीस ऊन व वारा द्यावा. वास मारण्यासाठी चुनकळी पसरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळावी, कारण तिने खूर व कातडी भाजते. ठाणाची परीक्षा करण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे : पहाटे ठाणात जाऊन गुडघ्याच्या उंचीवर खाली वाकावे व चार श्वास घ्यावेत. डोळ्यांत पाणी आले तर अंथरूण बदलण्याची वेळ टळून गेली आहे, असे समजावे. बसलेल्या घोड्याचे नाक रात्रभर त्याच उंचीवर असते.

गंजी आणि दिवा

सुक्या अंथरुणाचा साठा म्हणजे आगीचे भय. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूणनजीक दळवटणे येथील छावणीतील अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी धाडलेल्या प्रसिद्ध पत्रात या दोन्ही बाबींची कडक ताकीद आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आधीच उधळाल तर घोडी उपाशी मरतील, हे त्यात बजावले आहे. आणि उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तरी गवताच्या गंज्या जळून जातील, हेही. आज दिव्याच्या जागी विजेची उघडी तार व विडीचे थोटूक आले आहे, एवढाच फरक. म्हणून साठा ठाणापासून दूर ठेवावा.

उकिरड्यातून शेताकडे

काढलेले अंथरूण हे धन आहे. लीदयुक्त काडी वा कुटार खड्ड्यात थराथराने रचून ओलसर ठेवल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते. लाकडाचा भुसा कच्चाच शेतात टाकल्यास तो कुजताना पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतो. म्हणून तो शेणासोबत दीर्घकाळ कुजवावा. मात्र घोड्याच्या नाकातून चिकट स्राव येत असेल किंवा अंगावर गाठी फुटत असतील, तर त्याचे अंथरूण उकिरड्यात टाकू नये. ही शेंबा रोगाची लक्षणे असू शकतात व तो रोग माणसालाही होतो. अशा वेळी जनावर वेगळे बांधून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

मुक्या जनावराला आपल्या पायाखालची ओल सांगता येत नाही. ती रोज पाहटे हाताने चाचपून पाहणे, हेच पशुपालकाचे कर्तव्य होय. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. लागते ती नेमाची सवय.