लष्करी वाटांचे नकाशे आणि पनवेलचा रस्ता

पनवेलहून बोरघाटाकडे जाणारी वाट आज आपण मोटारींत बसून बोलतां बोलतां ओलांडतों. परंतु इ. स. १७७८ च्या नोव्हेंबर महिन्यांत मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज येथें उतरली, तेव्हां या वाटेचा प्रत्येक मैल हा तिच्या जिवाचा प्रश्न होता. सुमारें चार हजार लढाऊ माणसें, तोफा, दारूगोळा आणि ओझ्याचे १९,००० बैल, एवढा पसारा घाट चढवून पुण्याकडे न्यावयाचा होता. पुढचें पाणी किती दूर, ओढ्यांतून तोफेचा गाडा निघेल कीं नाहीं, मुक्कामास मोकळें मैदान कोठें, हें ज्यास ठाऊक त्याचेंच सैन्य चालावयाचें. ही माहिती कागदावर उतरविण्याची एक विद्याच होती. ती कशी चाले, हें आमच्या विद्यार्थी मित्रांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

विद्या जुनी आहे. रोमन लोकांच्या रस्त्यांचा एक लांबच लांब पट्टीवजा नकाशा व्हिएन्ना येथें जपून ठेविला आहे. तो फूटभर रुंद, पण जवळजवळ बावीस फूट लांब! त्यांत देशांचे आकार ओळखूंही येत नाहींत. मात्र कोणत्या गांवानंतर कोणतें गांव आणि मधील अंतर किती, तें बरोबर सांपडतें. इंग्लंडांत जॉन ओगिल्बी यानें १६७५ सालीं मैलास एक इंच या प्रमाणानें रस्त्यांच्या पट्ट्या छापल्या. आपल्याकडे हिशेब कोसांचा आणि मजलांचा. जासूद व हरकारे यांच्या पायांखालीं सगळ्या वाटा होत्या. त्या बहुधा कागदावर नसून डोक्यांत असत.

कंपनीचे मोजणीदार फौजेबरोबर चालत. एका माणसाच्या हातीं दांड्याचें मोठें चाक असे आणि त्याचे फेरे मोजणारें यंत्र त्यासच जोडलेलें असे. वाट वळली कीं मोजणीदार होकायंत्रानें दिशा पाही व वहींत लिही: इतके फेरे, अमुक दिशा, डावीकडे विहीर, उजवीकडे गांव, ओढा, खडकाळ चढ. चाक जेथें चालेना, तेथें घड्याळ पाहून अंतर अंदाजावें लागे. रात्रीं तंबूंत दिव्यापाशीं बसून त्याच वहीवरून नकाशा काढावयाचा.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं वर्गांतील मुलांकडून हाच प्रयोग करविला. सायकलच्या चाकाचा व्यास २८ इंच घेतला, तर परीघ ८८ इंच होतो. म्हणजे ७२० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. आऱ्याला लाल चिंधी बांधून दोन टोळ्या एकाच रस्त्यानें निघाल्या. एका टोळीचे फेरे वीसांहून अधिक भरले. चौकशी करतां कळलें कीं, ही मंडळी सावली शोधीत रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेस जात होती! जुन्या मोजणीदारांचीही हीच अडचण. चाक चढउतार मोजतें, वळणेंही मोजतें. म्हणून सरळ अंतर काढतांना त्यांस कांहीं भाग वजा करावा लागे. शिवाय दुपारच्या सूर्याची उंची घेऊन ते अक्षांश ताडून पाहत.

वाटेपासून दूरचे डोंगर चाकावांचून मोजण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. पनवेलजवळ उभें राहून कर्नाळ्याच्या सुळक्याची दिशा टिपावी. दोन मैल चालून पुन्हां टिपावी. कागदावर त्या दोन रेषा जेथें छेदतील तेथें कर्नाळा. अशा रीतीनें प्रबळगडासारखीं ठिकाणें नकाशांत बसत. मात्र वाटेवरून जें दिसत नसे, तो प्रदेश कोराच राही. जेम्स रेनेल याचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा बव्हंशीं अशा वाटांच्या मोजण्या जुळवूनच सिद्ध झाला. पुढें मुंबईचा सर्व्हेयर जनरल चार्ल्स रेनॉल्ड्स यानें या कामीं एतद्देशीय मोजणीदारही नेमिले. अचूक त्रिकोणमितीची मोजणी लॅम्बटननें मद्रासेस १८०२ सालीं आरंभिली. तिच्या पक्क्या बिंदूंमध्यें मग या वाटा बसवितां आल्या.

आतां त्या फौजेचें काय झालें? घाट तर ती चढली. पण पुढें तिची चाल अतिशय मंद झाली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टूर फाकडा’, गोळा लागून पडला. फौज तळेगांवास पोंचली तों मराठ्यांनीं गांव जाळून रिकामें केलेलें! नकाशांत तळेगांव जागच्या जागीं होतें. दाणागोटा मात्र नव्हता. मागें फिरतांना वडगांवास तिला गांठलें आणि तेथें तह करावा लागला. वाट मोजतां येते. त्या वाटेवरील माणसें काय करतील तें चाक मोजीत नाहीं.

पुढें १८०४ सालीं जनरल वेलस्लीनें घाट तोफांच्या गाड्यांजोगा करविला, १८३० च्या नोव्हेंबरांत माल्कमनें नवा रस्ता खुला केला आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी चढली. घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व शंकराचें देऊळ आहे. आमचे विद्यार्थी त्या बाजूस गेले, तर त्यांनीं तो तलाव अवश्य पाहावा. थकलेल्या बैलांना घेऊन आलेल्या मोजणीदाराच्या वहींत त्याबद्दल एकच शब्द पडला असता: पाणी.